मस्कतहून अडीच तास

थोरला भाऊ मस्कतला नोकरीला लागल्यापासून सुट्टीवर आला की एकच गोष्ट ऐकवायचा. "घाटकोपरहून गावी मालवणला जायला एस.टी.त अख्खी रात्र मोडते. मस्कत हजार मैल लांब, पण विमानात बसलो की अडीच तासांत सहार विमानतळ! बघ, मीच तुमच्या जास्त जवळ आहे ना?" आई हे शेजारणींना कौतुकानं सांगायची.

मे महिन्यात एका सकाळी बाबा गेले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या फोनवरून मी ट्रंक कॉल लावला. तो लागेपर्यंत दुपार झाली. भाऊ रडला. म्हणाला, "उद्या सकाळी आठला उतरतो. मी आल्याशिवाय बाबांना हलवू नका."

आम्ही थांबलो. मासळीबाजारातून बर्फाच्या लाद्या आणून बाबांच्या दोन्ही अंगांना लावल्या. त्या वितळल्या की म्हावऱ्याच्या वासाचं पाणी उंबऱ्यापर्यंत वाहायचं आणि मी ते फडक्यानं टिपून बादलीत पिळायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा चेहरा सुजला होता. माशा हटत नव्हत्या. उदबत्त्यांनी तो वास झाकला जाईना, उलट जास्तच मळमळायला लागलं. आठ वाजले, दहा वाजले. कस्टमला एक तास, टॅक्सीला पाऊण तास, मी मनात बेरजा करत होतो. बारा वाजता भटजी म्हणाले, "आता फार वेळ ठेवता येणार नाही."

दोनला टॅक्सी आली. भाऊ उतरला तो न्हालेला, भांग पाडलेला, अत्तराचा घमघमाट घेऊन. सोबत त्याचा अंधेरीचा मेव्हणा. "विमान लेट झालं रे," माझ्या गळ्यात पडून भाऊ म्हणाला.

मेव्हणा साधा माणूस. दारातच मला हळूच म्हणाला, "सॉरी हां. भावजी आठलाच उतरले, पण टीव्ही, व्हीसीआर आधी आमच्याकडे टाकायचा होता. मग म्हटलं, तुमच्याकडे आज चूल पेटायची नाही, तर जेवूनच निघा."

मी मोरीत गेलो आणि खरोखर ओकलो. बाहेर आलो तर आई उभी होती. मेव्हणा बोलत होता तेव्हा ती दाराशीच बसली होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"अग्नी धाकटो देतलो," ती म्हणाली.

"आई, मी थोरला आहे! हजार मैलांवरून आलोय!"

"हजार मैल अडीच तासात इलंस. आणि अंधेरीसून हंय येवक तुका सा तास लागले?"

अग्नी मी दिला. भाऊ मागे उभा होता. मध्येच त्याला ढेकर आला, तो मी ऐकला.

चौथ्या दिवशी रजा नाही म्हणून तो परत गेला. पुढे दर महिन्याला त्याचं पत्र यायचं. आई मला ते वाचायला लावायची, उत्तर लिही असं मात्र कधी म्हणाली नाही. मला तर तो कागद हातात धरायचीही किळस यायची.