मंगोलियाला न गेलेले आबा

आमच्याच समाजाच्या, आमच्याच खंडोबाला मानणाऱ्या एका सहलवाल्याने माझ्या वडिलांना फसवलं. पैसे त्याने परत केले, तेव्हा पैशांबद्दल मी बोलणार नाही. पण जालन्यात मला भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, पैसे आले ना परत, मग फसवणूक कसली? त्यांना रस्त्यात उभं राहून सांगता येत नाही. मी चिडतो आणि सांगायचं राहून जातं. म्हणून लिहितो आहे.

जालन्यातल्या मस्तगडात माझं घोंगड्या, सतरंज्या आणि ब्लँकेटचं दुकान आहे. त्याआधी कुंभार पिंपळगावच्या बाजारात मी बकऱ्यांची दलाली करायचो आणि त्याच्याही आधी वडिलांच्या, म्हणजे आबांच्या मागे मेंढरं वळायचो. मला कुणी काही दिलं नाही. जे आहे ते मी भाव करून मिळवलं. दवाखान्यातसुद्धा त्यांनी सांगितलेला आकडा मी पहिल्या फटक्यात मान्य केलेला नाही. एवढं सगळं असून, ज्या एका सौद्यात माझ्या बापाचं काही होतं, त्याच सौद्यात मी गप्प बसलो.

आबा गावीच राहायचे. गुडघे गेल्यापासून त्यांचं वर्षभराचं फिरणं बंद झालं होतं. थोडी मेंढरं दारात ठेवली होती आणि ती घेऊन गावाभोवतीच हिंडायचे. हिंडायला तरी जागा कुठे उरली आहे? पूर्वी शेतकरी निरोप पाठवायचे, मेंढरं आमच्या रानात बसवा म्हणून. खत मिळायचं, त्याबदल्यात ज्वारी द्यायचे. आता नदीकडे ऊस झाला, इकडे तारेची कुंपणं झाली. मेंढरू बांधावर दिसलं तरी दगड येतो. आबा रोज तेच ते गायरान चारून परत यायचे.

दिवाळीत ते माझ्याकडे आले होते. दुपारी मी मोबाइलवर काही तरी बघत पडलो होतो. मंगोलियातले मेंढपाळ बिऱ्हाड हलवत होते. घोडे, उंट, कापडी गोल घरं आणि नजर जाईल तिथपर्यंत गवत. आबा मागून बघत होते.

"कुंपण कुठंय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई कुंपण."

"मंग रान कुणाचं?"

"कुणाचंच न्हाई, आबा. ज्याची मेंढरं, तो चारतो."

"थापा मारून राह्यला," असं म्हणून ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच माझ्याशेजारी येऊन बसले. "ते कालचं दाखव." मग दोन दिवस तेच. गावी परत निघताना जीपमध्ये बसले, दार ओढून घेतलं आणि समोर बघत म्हणाले, "तिकडं जाता येतं का माणसाला?"

माझ्या आठवणीत आबांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. चपलासुद्धा नाही. आमच्या घरात सुट्टी घेऊन हिंडायला जाणं ही गोष्टच नव्हती. आम्ही हिंडायचो ते पोटासाठी. मी त्याच आठवड्यात सहलवाल्याकडे गेलो.

हा माणूस पूर्वी लोकांना काशीला न्यायचा, आता परदेशात नेतो. बाप त्याचाही मेंढरांमागेच फिरलेला. त्याने सांगितलं की दिल्लीची एक कंपनी उन्हाळ्यात मंगोलियाला माणसं नेते, मेंढपाळांच्या घरात ठेवते आणि बिऱ्हाड हलायच्या दिवशी कळपाबरोबर चालूही देते. पुढच्या खेपेला मी आबांनाच घेऊन गेलो. भाव मी माझ्या पद्धतीने केला. दोनदा उठून दारापर्यंत गेलो. सहलवाला हसून आबांना म्हणाला, "मामा, तुमच्या पोरानं माझी कातडी ठेवली तरी बरं."

"लोकर काढली का?" आबांनी विचारलं.

"मुळापासून."

"मंग कातडी राहती. येते पुन्हा लोकर." आबा हसले. मग पुढे सरकून म्हणाले, "मला बाकी काय न्हाई बघायचं. मेंढराबरोबर एक दिस चालायला मिळंल का, तेवढं सांग."

"एक दिस काय, पाय दुखंपर्यंत चाला."

"पाय आधीच दुखतेत."

मी म्हणालो, हे सगळं लिहून दे. राहायचं कुठे, चालायचं कधी, सगळं. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर पंगतीत काही तरी वाईट बोललो. "लिवून कशाला? आपलाच हाय. भंडारा उचलंल." सहलवाल्याने मागच्या फळीवरच्या देवापुढचा भंडारा चिमटीत घेतला, बेलाचं पान हातात धरलं आणि म्हणाला, "मामा, तुमाला मेंढराबरोबर चालवीन."

बेलभंडारा उचलला की आमच्याकडे बोलणं संपतं. त्यानंतर कागद मागणं म्हणजे माणसावर नाही, देवावर शंका घेणं. मी बकऱ्यांच्या बाजारात वाढलो. शपथा खाणारे किती बघितले, याला मोजमाप नाही. तरी बेलभंडाऱ्यापुढे मी तोंड मिटलं. हे फक्त आमच्यातच होतं आणि तो आमच्यातला होता म्हणून त्याला ते बराबर माहीत होतं.

हिवाळा तयारीत गेला. आधारकार्डावर आबांचा जन्म एक जानेवारीचा आहे, आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा असतो तसा. वर्षही नोंद करणाऱ्याने तोंडाकडे बघून टाकलेलं. तेच पासपोर्टवर गेलं. फोटोवाला म्हणाला, डोकं उघडं पाहिजे. आबांनी परक्या माणसासमोर फेटा उतरवला, मांडीवर ठेवला आणि फोटो होईपर्यंत त्यावर हात ठेवून बसले. माझ्या बायकोने त्यांना लोकरीचे हातमोजे आणले. ते घालून त्यांना तंबाखू मळता येईना, तर म्हणाले, "हे थंडीसाठी हाय का व्यसन सोडायला?" पण सगळ्यात जास्त विचार त्यांनी भेटीचा केला. दुसऱ्याच्या पालात मोकळ्या हाताने जात नसतात, असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या मेंढरांची लोकर देऊन त्यांनी एक घोंगडी विणून घेतली. दुकानात माझ्याकडे ढिगाने घोंगड्या होत्या. त्यातली एकही त्यांना चालली नाही.

राहिला प्रश्न मेंढरांचा. मी म्हणालो, तेवढ्या दिवसांपुरता माणूस ठेवू. होळी झाल्यावर आबांनी मला गावी बोलावून घेतलं. त्यांच्या चुलतभावाचा मुलगा अजून बिऱ्हाड घेऊन फिरतो. मेंढरं त्याला कायमची द्यायचं त्यांनी ठरवलं होतं.

"गुडघे न्हाईत आता," ते म्हणाले. "ह्यांना कुठवर एकाच गायरानात फिरवू? सोडायचं होतंच, सोडवत नव्हतं. आता ते रान बघून येतो, तिथं एक दिस चालतो. मंग काठी खाली ठेवल्याचं वाईट वाटणार न्हाई."

आमच्याकडे कळप द्यायची एक रीत आहे. पुढे चालणाऱ्या मेंढीच्या कपाळाला भंडारा लावायचा, आपली काठी घेणाऱ्याच्या हातात द्यायची आणि तिथून पुढे त्या मेंढरांना आवाज द्यायचा नाही. मेंढरं माणूस आवाजावरून ओळखतात. जुना आवाज कानावर पडला तर ती नव्या धन्याला सोडून पळत सुटतात, कळप फुटतो, रस्त्यावर गाडीखाली येतात. म्हणून दिलेली मेंढरं परत आणत नाहीत आणि त्यांच्या वाटेलाही जात नाहीत. पाडव्याला आबांनी काठी दिली. भावकीला जेवण केलं. सहलवालाही जालन्याहून आला. मटणाचा रस्सा दोनदा मागून घेतला आणि आबांना म्हणाला, "आता तुमी मोकळे, मामा."

जायला महिनाही राहिला नव्हता तेव्हा आम्ही दोघं तिकिटांची चौकशी करायला गेलो. सहलवाल्याने चहा सांगितला आणि टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाला, "शेठ, तुमचं बिलकुल पक्कं हाय. मामांचं जरा अवघड झालंय. दिल्लीवाले वयाला न्हाई म्हणतेत."

"कधी म्हणले?"

"झाले काही दिवस."

"कधी?"

"होळीच्या आसपास."

"तू पाडव्याला आमच्यात जेवून गेल्तास."

"गेल्तो. सांगणार होतो, पण तुमचा कार्यक्रम चाललेला." मग तो जरा घाईने बोलायला लागला. माणसं पुरेशी जमल्याशिवाय दिल्लीवाले गट नेत नाहीत. आबांचं नाव तेव्हाच काढलं असतं तर गट मोडला असता. आता दुसरा माणूस मिळाला आहे. "तुमचा पैसा मी एक रुपया ठेवणार न्हाई. तुमी एकटे जाऊन या, शेठ. मामांना व्हिडिओ काढून आणा."

चहाचा कप मी भिंतीवर मारला. त्याच्या गल्ल्यावरचा काचेचा घोडाही गेला. शेजारचे दुकानदार धावून आले आणि त्यांनी मला धरलं. आबा बाकावरच होते. मला धरलेलं असतानाच ते उठले, त्याच्या टेबलाजवळ गेले आणि खालच्या आवाजात विचारलं, "जाणाऱ्यांपैकी कुणी घोंगडं तेवढं नेईल का? तिथल्या माणसाला द्यायचं होतं."

सहलवाला म्हणाला, "वजनाचं बघावं लागंल, मामा."

मी माझी जागाही रद्द केली. चार दिवसांनी आबांना जीपमध्ये घातलं आणि शहागडला गेलो. आबांच्या त्या पुतण्याचा कळप हायवेपासून आत एका शेतात बसला होता. कुठे जातो आहोत हे मी आबांना सांगितलं नव्हतं. मेंढरं दिसली तशी त्यांनी काच वर केली. उन्हाने जीप भट्टीसारखी तापली होती. मी म्हणालो, खाली उतरा, मी बोलतो, घेऊन जाऊ परत. त्यांनी तोंडावर फेट्याचा शेव धरला आणि मान हलवली.

मी एकटाच गेलो. पुतण्या सरळ म्हणाला, "दादा, भाव कशाला करता? आबांची हायेत, घेऊन जा. काठी पण न्या." आयुष्यात इतका सोपा सौदा मी केला नव्हता. काठी घेऊन परत आलो आणि काचेवर टकटक केलं. आबांनी काच दोन बोटं खाली घेतली.

"देऊन ये ती," ते कुजबुजले. "दिलेलं परत घेतलं तर पोरगं उद्या कोणत्या तोंडानं त्यांच्या पुढं चालंल? आणि जल्दी ये. ती पांढरी इकडंच बघून राह्यली."

खरंच ती पुढे चालणारी मेंढी मान वर करून जीपकडे बघत होती. आबांना खोकला आला होता. तो दाबून धरताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी काठी देऊन आलो. शहागड सुटून बरंच पुढे जाईपर्यंत ते खोकले नाहीत.

आता ते माझ्याकडे मस्तगडात असतात. पहाटे उठतात, चपला घालतात आणि दारात उभे राहतात. पुढे काय करायचं ते त्यांना समजत नाही. मग चपला काढून आत येतात. जेवण कमी झालं आहे. मोबाइलवर मी एकदा ते गवत लावून दिलं, तर त्यांनी मोबाइल उलटा करून ठेवला. डॉक्टर म्हणतात, दुखणं काही नाही. मला ते ऐकून जास्त भीती वाटते, कारण दुखणं असतं तर मी कुठे तरी नेलं असतं, कुणाशी तरी भांडलो असतो. मी सगळ्या वस्तू परत घेऊ शकलो आहे, विकलेल्यासुद्धा. ही एक गोष्ट कोणत्याही भावाने परत येत नाही आणि आबा रोज थोडे थोडे कमी होताना मी बघतो.

सहलवाला जाऊन आला. गट चांगला झाला, असं त्याने गावभर सांगितलं. मला निरोप पाठवला की झालं गेलं विसरा, पुढच्या वर्षी मामांना काशीला नेतो, माझ्या खर्चाने.

मला त्याची काशी नको. दिल्लीचा नकार त्याच्या हातात आला तेव्हा मेंढरं आमच्या दारात होती. एक फोन केला असता तर ती आजही असती. त्याने माझ्या घरी यावं. मी हात उचलणार नाही, हा माझा शब्द. त्याने आबांच्या समोर खाली बसावं आणि त्यांच्या डोळ्यांत बघून सांगावं, काठी हातातून जाताना तो रस्सा भुरकत गप्प का बसला. उत्तर मला नको आहे. त्यांना दे.