चालेल

ग्रुपचं नाव ‘नको असेल तर द्या’, आणि तो चालवणारी वाटपमावशी. तिचं खरं नाव घरच्यांनाच काय ते आठवत असेल. दिवसभर लॉन्ड्रीच्या काउंटरवर लोकांचे कपडे घ्यायचे आणि मधल्या वेळात मोबाइलवरून गावभरची अडगळ इकडची तिकडे करायची, हा बाईचा उद्योग. त्याचा पगार नाही, वर बोलणी फुकट. कुणाला सोफा हवा पण डाग नको, कुणाला फुकट हवं आणि घरपोचही हवं! मावशी करवादायची, पण कुणाची नड भागली की दिवसभर खुशीत असायची.

नवरा बसवरचा निवृत्त ड्रायव्हर. तो म्हणायचा, “एक दिवस मलाही टाकशील त्या ग्रुपवर. ‘चालू स्थितीत’ लिहायला तेवढं विसरू नकोस.”

“खोटं कशाला लिहू?” मावशी म्हणायची.

त्या आठवड्यात थंडी मरणाची पडली. एका ओल्या बाळंतिणीने ग्रुपवर रूम हीटर मागितला. नवरा कामासाठी परगावी, घरात ती आणि तान्हं बाळ, बस. दुसऱ्याच दिवशी एका निवृत्त मास्तरांनी हीटरचा फोटो मावशीला पाठवला. काउंटरवर ही गर्दी. एका हातात कुणाचा तरी कोट, दुसऱ्या हाताने मावशीने विचारलं, “चालेल ना?” मास्तरांचं उत्तर आलं, “चालेल.” झालं! मावशीने ग्रुपवर ठोकून दिलं: रूम हीटर, चालू स्थितीत. दुपारी नवऱ्याने तो मास्तरांकडून उचलून स्कूटरवरून बाळंतिणीकडे पोचवलासुद्धा.

दिवेलागणीला मास्तरांचा मेसेज आला. “हीटर दुरुस्तीवाल्यानेच नेला ना? त्याला सांगा, पत्र्याला करंट येतो. सुटे भाग मात्र चांगले आहेत.”

मावशीने तो दोनदा वाचला आणि फोनच लावला. “अहो मास्तर, तुम्ही चालेल म्हणालात की!”

“म्हणजे, ग्रुपवर द्यायला चालेल. तो चालतो असं मी कुठं म्हटलं?”

लॉन्ड्रीतल्या इस्त्रीचा झटका मावशीने एकदा खाल्ला होता, हात कितीतरी वेळ बधिर होता. ती तरी धडधाकट बाई. पण ते बाळ? तिने बाळंतिणीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. “उचल गं, माझे आई, उचल!” बाळ झोपलं म्हणून आवाज बंद ठेवला असेल, असं तिने स्वतःला बजावलं. लगेच दुसरं काहीतरी डोळ्यांपुढे आलं.

“स्कूटर काढा,” ती नवऱ्यावर ओरडली. तो काही विचारायला गेला, तर म्हणाली, “एक शब्द बोलू नका. त्या पोरीचं काही झालं तर ते मी केलंय.” वाटभर ती त्याचा शर्ट मुठीत धरून बसली होती.

त्या इमारतीत जिन्याला उजेड होता, पण बाळंतिणीच्या मजल्यावर मिट्ट काळोख. शेजारचे काका टॉर्च घेऊन मीटरच्या पेटीपाशी उभे होते. “कुणीतरी काहीतरी लावलं आणि सगळी वीज गेली बघा. करतो आता चालू.” त्यांचा हात खटक्यावर होता.

“हात काढा! काढा आधी!” मावशी अशी किंचाळली की काकांच्या हातातला टॉर्चच पडला.

मावशीने दार बडवलं. आतून काही नाही. पुन्हा बडवलं. मग कडी वाजली. बाळंतीण उभी होती, खांद्यावर बाळ, हातात ओलं फडकं.

“मावशी, तुम्ही? हळू हो, आत्ता झोपलंय. लाइट गेलीय. आली की खोली लगेच तापेल म्हणून हीटर चालूच ठेवलाय. त्याच्यावर धूळ फार होती, तोवर पुसून घेत होते.”

मावशी तिला बाजूला सारून आत घुसली. चाचपडत भिंत गाठली, पिन खेचून काढली आणि तिथंच फरशीवर बसली. “शॉक मारतो तो,” एवढंच कसंबसं म्हणाली.

बाळंतिणीने हातातल्या फडक्याकडे पाहिलं. फडकं टाकून तिने बाळाला दोन्ही हातांनी गच्च धरलं.

“पण मावशी, लिहिलं होतं ना तुम्ही? चालू स्थितीत. तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर मी कुणाला विचारलंही नाही.”

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मावशीला सोसलं असतं. तिला रडू आवरेना.

काकांनी वीज चालू केली, नवऱ्याने घरी जाऊन स्वतःचा हीटर आणला. मावशीने तो लावला, पत्र्यावर आपला हात ठेवला आणि खोली ऊबदार होईपर्यंत तिथून हलली नाही. निघताना जिन्यात फोन वाजला. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं: “मिक्सर द्यायचाय, चालेल ना?”

सवयीने तिने ‘चालेल’ लिहिलं. मग बोट थांबलं. तिने ते अक्षर अक्षर करून पुसलं आणि लिहिलं, “थांबा. मी येऊन लावून बघते.”