नाकपुडीवरचा सुरमा

गुरुवारी सकाळी माझी पत्नी शमीम साताऱ्यात वारली. दुपारच्या नमाजनंतर दफन झालं.

मी बत्तीस वर्षं ग्रंथपाल होतो. पुढे सांगतोय असल्या हकिकतींची पुस्तकं कपाटात लावली, वाचलीही... मानलं कधीच नाही. म्हणून घडलं तेवढंच लिहितो.

कबरस्तानातून परतलो, तर धाकटा भाऊ दाऊद दारात उभा. त्याचं उंब्रजला कटलरीचं दुकान आहे. सकाळपासून त्याचा फोन बंद होता. निरोप पोहोचलाच नव्हता. उजवा डोळा सुजलेला, अंगात ताप; डोळा दाखवायला साताऱ्याला आला होता.

"बघू नगा माझ्याकडं, भाई. डोळं आल्यात, तुमालाबी येतील," तो हसला. "आत्ता कोपऱ्यावर भाभी भेटल्या. लय झापलं! म्हटल्या, नाकाला सुरमा कोण लावतं रं, येड्या? जा, पूस आधी."

शमीमला मी नुकतीच माती देऊन आलो होतो. दाऊद रोज डोळ्यांत सुरमा घालतो. पण त्याच्या उजव्या नाकपुडीच्या कडेला खरंच काळं होतं. रुमाल ओला करून मी पुसलं. निघेना. घासलं.

"दुखतंय?"

"न्हाई. तितं कायच कळंना."

जवळच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि तसंच मिरजेला धाडलं. गाडीत मी त्याला शमीमचं सांगितलं. कराड मागे पडेपर्यंत तो दुआ पुटपुटत होता.

मिरजेच्या डॉक्टरांनी साखर तपासली, ती फार वाढलेली निघाली; मग नाकात दुर्बीण घातली. "हे डोळे येणं नाही. एकच डोळा सुजलाय, नीट फिरत नाही, गाल बधिर आहे. काळी बुरशी आहे — नाकातून डोळ्यामागे गेलीय. दोन दिवस उशीर केला असता, तर मेंदूत गेली असती."

ऑपरेशनमध्ये डोळा काढावा लागला. पुढे कित्येक आठवडे इंजेक्शनं चालली.

एकदा डॉक्टर ड्रेसिंग करत असताना मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तापात भास होतात."

"आवं डॉक्टर," दाऊद म्हणाला, "त्या दिवशी मला समदं दोन-दोन दिसत हुतं. रस्ता दोन, रिक्षा दोन, हे भाईबी दोन. भाभी तेवढ्या एकच."

"भास डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून एकच दिसतो," डॉक्टर म्हणाले.

"आसंल. पण डोळा सुजल्यापास्नं चार दिवस मी आरसा बघितला न्हवता. माझं नाक भासाला कसं दिसलं?"

डॉक्टर पट्टी गुंडाळत राहिले.

शमीम गेली. दाऊदचा उजवा डोळा गेला. दाऊद आहे.