पैलवानाची रांग

पैलवानाचे कान मोडलेले असतात. माझेही आहेत. मातीत घासून घासून ते कणकेच्या गोळ्यासारखे झालेत, आणि असल्या कानांत स्टेथोस्कोप अडकवायला किती झटापट करावी लागते हे नर्सिंगच्या एकाही पुस्तकात लिहिलेलं नाही.

वीस वर्षं तालमीत काढली. राज्याकडून खेळलो, उत्तरेकडच्या नामांकित पोरांना अस्मान दाखवलं, गावोगावी फेटे बांधून घेतले. मग एका सकाळी, साध्या सरावात, बघायला कुत्रंसुद्धा नसताना, गुडघा असा फिरला की डॉक्टर म्हणाले, "पैलवान, आता जिना सांभाळून उतरायचा." घरी बायको, पहिलीतली लेक, खुराक चालू आणि कुस्ती बंद. मी महिनाभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसत होतो. शेवटी बायकोनंच निकाल लावला.

"बारावी झालेली हाये ना तुमची? मंग नर्सिंग करा. तुमचं ऑपरेशन झालं तवा त्या ब्रदरच्यानं, म्हंजी पुरुष नर्सच्यानं, तुमी उचलले जात नव्हते, अजून दोघं बोलवावं लागले. तुमी एकटेच कुणालाबी उचलताल."

मलाही वाटलं, नर्सिंग म्हणजे माणसं उचलणं. ते तर माझ्या हातचा मळ. तीन वर्षं निम्म्या वयाच्या मुलींच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलो तेव्हा कळलं, की उचलणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. मुली सुरुवातीला मला पालक समजत. शरीरातल्या हाडांची नावं पाठ करताना माझ्या लक्षात आलं की यातली बरीचशी मी लोकांची मोडली तरी आहेत नाहीतर माझी मोडून घेतली आहेत, आणि तेवढा एक पेपर मला चांगला गेला.

नोकरी लागली ती भोकरदन तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजूनही माझ्यापुढे दंड उघडा करतात आणि त्यांनी तो पुढेही करावा अशी माझी इच्छा आहे.

पहिल्याच दिवशी इंजेक्शनच्या खोलीत शिरताना सवयीनं वाकलो, उंबऱ्याला हात लावला, कपाळाला लावला. इथवर ठीक होतं. टेबलावर बसलेल्या आजीबाईंना वाटलं, माणूस देवभोळा आहे. पण आखाड्यात मातीला हात लावला की दुसरा हात आपोआप मांडीवर पडतो. तो पडला. शड्डूचा आवाज त्या एवढ्याशा खोलीत असा घुमला की आजीबाई ट्रे पाडून बाहेर गेल्या त्या चपलांसाठीसुद्धा परत आल्या नाहीत. चपला संध्याकाळी त्यांच्या सुनेनं येऊन नेल्या.

"ब्रदर," इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही इलाज करायला आलात का कुस्तीची जोड लावायला?"

या सिस्टर उंचीनं माझ्या खांद्याला लागत, पण त्यांच्यापुढे मी मान वर केल्याचं मला आठवत नाही. त्यांनी मला तालमीतल्या वस्तादांची आठवण करून दिली. फरक एवढाच की वस्ताद मारल्यावर दूध पाजायचे.

शड्डू मी चार दिवसांत सोडला. पण हात सुटेना. तालमीत एकच गोष्ट ठोकून शिकवलेली असते, धरलं की सोडायचं नाही. इथं सुई काढून झाली, कापूस लावून झाला, तरी पेशंटचा दंड माझ्या मुठीतच. एक गृहस्थ बराच वेळ थांबून अदबीनं म्हणाले, "पैलवान, आता मी निघू का?" त्यांच्या दंडावर माझी पाची बोटं उमटली होती. इंजेक्शन हा ताकदीचा डाव नाही हे डोक्याला कळत होतं, मनगटाला कळत नव्हतं.

सिस्टरांनी हुकूम सोडला. रोज घरी मोसंबीवर सराव करायचा. "सुई ढकलायची नाही, जाऊ द्यायची," त्या म्हणाल्या. आमच्या जालन्याकडे मोसंबीला तोटा नाही. पहिल्या संध्याकाळी मी मोसंबी डाव्या हातात धरली, उजव्या हातात सिरिंज घेतली, श्वास रोखला आणि सुई लागायच्या आतच डावा हात आवळला गेला. रस छतापर्यंत गेला नसेल, पण समोर अभ्यास करत बसलेल्या लेकीच्या तोंडावर मात्र उडाला. आता ती पाचवीत होती. तिनं शांतपणे तोंड पुसलं, पिळून निघालेल्या मोसंबीकडे पाहिलं, मग आपल्या दंडाकडे पाहिलं.

"पप्पा, पुढल्या महिन्यात आमच्या वर्गाला इंजेक्शन हाये. मी तुमच्याकडच्या नर्स मॅडमकडून घेईन."

"का गं?"

"माझा हात मोसंबीपेक्षा बारीक हाये."

बायको हसून हसून खाली बसली. मी पण हसलो. पण मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. माझ्या कुस्त्या बघताना हीच पोर माणसांच्या खांद्यावर बसून ओरडायची, "माझे पप्पा! माझे पप्पा!" तेव्हा सगळ्या आखाड्याला ऐकू जायचं. आता वर्गात कुणी विचारलं तर ती सांगायची, पप्पा दवाखान्यात असतात. काय करतात, ते सांगत नव्हती.

त्यात सिस्टरांनी भर घातली. "शाळेच्या लसीकरणाला दोन टेबलं लावणार. एक मॅडमचं, एक तुमचं. तुमच्या टेबलावर पोरं आली नाहीत तर तुम्हाला मी स्टोअरला बसवते. खोकी उचला, सिलिंडर उचला. ज्याच्या स्वतःच्या लेकीचा भरवसा नाही, त्याच्यापुढं गाव कशाला दंड उघडा करील?" लेकीचं त्यांना कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. बायकोची आणि त्यांची ओळख भाजीबाजारात झाली होती.

तो महिना आमच्या घरात सगळ्यांनी मोसंबीचा रस प्यायला. शेजाऱ्यांनीही प्यायला. हात सुधारत होता, पण मोसंबी कधी "लागलं" म्हणत नाही, त्यामुळे किती सुधारला ते कळायला मार्ग नव्हता.

लसीकरणाचा दिवस उजाडला. शाळा केंद्राला लागूनच, म्हणून लेकीला मी तिथंच घातलं होतं. केंद्राच्या अंगणात कडुलिंबाखाली दोन टेबलं मांडली. पाचवीची पोरं आली, गुरुजी म्हणाले, "दोन रांगा करा," आणि पोरांनी एकच रांग केली. मॅडमपुढं. गुरुजींनी दोघा-तिघांना दंडाला धरून माझ्याकडे आणलं, ते गुरुजींची पाठ वळताच परत गेले. माझी लेक त्याच रांगेत मध्यावर उभी होती आणि लिंबाच्या फांद्या मोजत असल्यासारखी वर बघत होती.

मी टेबलावर कापूस नीट लावला. मग परत नीट लावला. हजारो लोकांसमोर चीत झालो तेव्हाही इतकं वाईट वाटलं नव्हतं. सिस्टर दारात उभ्या राहून एकदा माझ्याकडे आणि एकदा स्टोअरच्या कुलपाकडे बघत होत्या.

तेवढ्यात एक जीप धुरळा उडवत आत आली. आधी पाच-सहा माणसं उतरली, मग त्यांच्यामधून एक भला थोरला पैलवान उतरला. पोटरीला फडकं बांधलेलं. मी त्याला ओळखलं आणि त्यानं मला.

हा हसनाबादकडचा गडी. काही वर्षांपूर्वी एका यात्रेत शेवटची, मानाची कुस्ती आमची लागली होती. मी त्याला चीत केलं, पाठ मातीला लावली. पंचांनी हात वर केला, हलगी वाजली, मी फेटा बांधून घेतला, आणि हा मातीत बसून ओरडत होता, "पाठ लागलीच न्हाई!" त्याच्या गावकऱ्यांनी तेच लावून धरलं. त्या दिवसापासून भोकरदनच्या बाजारात आमच्या बाजूचा आणि त्यांच्या बाजूचा माणूस भेटला की आधी पाठ लागली का नाही यावर बोलणं होतं आणि मग सोयाबीनचा भाव निघतो.

"काय झालं?" सिस्टरांनी विचारलं.

"कुत्रं चावलं," त्याच्यासोबतचा म्हातारा म्हणाला. "पैलवानाला सुईचं जरा हे हाये. म्हणून आमी सगळे आलो."

सिस्टरांनी जखम धुवून घेतली, डॉक्टरांना दाखवली आणि माझ्याकडे बोट केलं. "तिकडं बसा. ती रांग रिकामीच आहे."

"ह्याच्याकडून? बिलकुल न्हाई!"

"मग त्या रांगेत उभे राहा. पाचवीच्या मागं."

पैलवानानं वेण्या घातलेल्या मुलींची रांग पाहिली. इज्जतीचा सवाल होता. तो माझ्यापुढच्या स्टुलावर बसला, शर्टाची बाही वर केली आणि डोळे गच्च मिटले. त्याचे गावकरी भोवती गोल करून उभे राहिले. गुरुजी, आमचा शिपाई, डॉक्टरांकडे आलेले पेशंट, सगळे जमले. आखाडाच म्हणायचा, फक्त हलगी नव्हती.

मी त्याच्या दंडाला हात लावला, आणि गंमत अशी, की त्या दंडाची माझ्या हाताला ओळख होती. त्या कुस्तीत मी तो एवढा वेळ धरला होता की कधी ताठ होतो, कधी ढिला पडतो, सगळं आठवलं. कुठलाही गडी कायम ताठ राहू शकत नाही. श्वास सोडतो तेव्हा ढिला पडतोच, आणि डाव तेव्हाच टाकायचा असतो. मी थांबलो. त्यानं श्वास सोडला. मी सुई ढकलली नाही, जाऊ दिली. आणि हात सोडला. मुठीत काही राहिलं नाही.

"झालं," मी म्हणालो.

त्यानं डोळे उघडले. "काय झालं?"

"टोचली."

"टोचलीच न्हाई!"

गोलात एकदम दंगा उसळला. "न्हाई टोचली! आमी बघून राह्यलो ना!" म्हातारा ओरडला. यात्रेतही हाच पुढे होता. "टोचली, मी बघितली!" आमचा शिपाई. "तुमचं हे जुनंच हाये, तवा बी असंच केल्तं!" "ए, तवाचं काढू नको!" पैलवान उठून उभा राहिला, दंड सगळ्यांना दाखवत फिरला. "कुठं टोचली? दाखवा ना! कळायला तर पायजे. ह्याला इंजेक्शन येतच न्हाई. परत द्या!"

सिस्टर गोलात शिरल्या. रिकामी सिरिंज त्याच्या नाकासमोर धरली. "औषध कुठं गेलं मग? टोचली. निकाल झाला. पुढचा डोस तिसऱ्या दिवशी, आणि जीपभर माणसं आणायची नाहीत."

पंचांचा निकाल त्याला तेव्हाही मान्य नव्हता आणि आताही नव्हता. "कळलं सुदिक न्हाई आन् म्हणे टोचली," असं बडबडत तो डोळ्यांवरून बाही फिरवत जीपमध्ये बसला. धुरळा जबर उडाला होता, म्हणून त्या बाहीचं मी काही मनावर घेतलं नाही.

जीप गेली. अंगणात पाचवीची पोरं तोंड उघडं टाकून उभी होती. एवढा मोठा पैलवान, आणि त्याला कळलंसुद्धा नाही. कुजबुज सुरू झाली. आणि मग त्या रांगेतून एक पोर बाहेर पडली, लिंबाखालून सरळ चालत आली आणि माझ्यासमोर स्टुलावर बसली. माझी लेक.

मला एकदम मोसंबी आठवली. मी नवी सिरिंज काढली. तिचा दंड खरंच बारीक होता, माझी दोन बोटं पुरली. तिनं माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले नाहीत. मी थांबलो. तिनं श्वास सोडला. झालं. ती उठली, वर्गाकडे वळली आणि आखाड्यात ओरडायची तशी खणखणीत ओरडली, "टोचलीच न्हाई! माझे पप्पा हायेत!"

पुढचं काय सांगायचं. मॅडमची रांग मोडली. पोरं धक्काबुक्की करत माझ्याकडे आली, गुरुजींना आता उलटं त्यांना तिकडे ओढावं लागलं. दुपारपर्यंत माझ्या कमरेचा काटा ढिला झाला. जेवणाच्या सुट्टीत सिस्टर स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या भाकरीवर ठेवून गेल्या. स्टोअरचं नाव परत निघालं नाही.

संध्याकाळी लेकीला मोटारसायकलवर मागे बसवून घरी निघालो. मी मजेत होतो, गुणगुणत होतो. गावाबाहेर आल्यावर तिनं माझ्या मोडक्या कानाला तोंड लावलं.

"पप्पा, लागली व्हती बरं का. लई."

मी गाडी हळू केली. "मंग सांगितलं का न्हाई?"

"तुमची रांग लागलीच नसती ना."

मला पुढचा रस्ता नीट दिसेना. गाडी कडेला घेऊन उभा राहिलो आणि बाहीनं डोळे पुसले. पुसता पुसता तो पैलवान आठवला, जीपमध्ये चढताना बाही डोळ्यांवरून नेणारा. म्हणजे त्यालाही लागलीच होती. आता तिसऱ्या दिवशी तो एकटा येईल तेव्हा मी त्याला चहा पाजणार होतो, दोन गोड शब्द बोलणार होतो. पाठ मात्र तेव्हा लागली होती. त्यात काही बदल नाही.