मागं चालणारे मामा

गंगापूरकडच्या उसात बिबट्याचे ठसे शोधताना गावातले एक मेंढपाळ मामा माझ्यासोबत असायचे. मोबाइलमधल्या फुकटच्या नकाशावर मी प्रत्येक ठशाला लाल ठिपका द्यायचे. आमची वाट निळ्या रेषेनं आपोआप उमटायची. मामा बिबट्याचं नाव घेत नसत, ‘त्यो’ म्हणायचे. वाट त्यांच्या पायाखालची, तरी चालायचे माझ्या मागंच. मधूनच मागं वळून खाकरायचे. बिडीचा खोकला असेल, असं मला वाटायचं.

एका सकाळी बांधावर ताजे ठसे दिसले. ठिपके देत गेले आणि थबकले. सगळे ठिपके आमच्या कालच्या निळ्या रेषेवर पडले होते, अगदी मी गाडी लावली होती तिथपर्यंत.

मोबाइल मामांपुढं धरला. त्यांनी पाहिलाच नाही. मागं वळून खाकरले.

"त्यो रोजच येतो, ताई. म्हणून तर मी मागं चालतो."