टेन स्लीपचा उतार

ऑक्टोबरात तिसऱ्यांदा एमेट हार्शची पिकअप गॅरेजच्या दारात उभी राहिली, तेव्हा काउंटरपाशी दोन गिऱ्हाइकं होती. एमेटने आवाज मुळीच खाली आणला नाही.

"पुन्हा सोडून दिलं तुझ्या ब्रेकने. मागे ट्रेलरमध्ये चौदा गायी, आणि दाबाचा काटा शून्यावर. माझी लिओटा विधवा झाली की बिल तिच्याकडे पाठव."

 गिऱ्हाइकांतल्या एकाला आपल्या गाडीला हाच एक्झॉस्ट ब्रेक बसवून घ्यायचा होता. "पुढच्या आठवड्यात बघू," म्हणून तो निघून गेला.

गॅरेजवाला वेंडेल स्टॅक चौतीस वर्षं टेन स्लीप गावात डिझेल गाड्या दुरुस्त करत होता. दरीतून उतरणाऱ्या निम्म्या गाड्यांचे एक्झॉस्ट ब्रेक त्याच्या हातचे होते. धुराच्या पाइपात एक झडप. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की ती मिटते, इंजिनाचा श्वास कोंडतो, आणि तेच इंजिन मग गाडीला मागे धरून ठेवतं. चाकांच्या ब्रेकवर भार येत नाही. हे काम त्याने कधी घाईत केलं नव्हतं, आणि जमणार नाही असं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिल्या खेपेला त्याने हवेची नळी बदलली. दुसऱ्या खेपेला अ‍ॅक्सिलरेटरखालचं, पाय उचलल्याची खूण झडपेला देणारं बटण नवं घातलं. या वेळी झडपच खोलून पाहिली. काजळी नव्हती, दांडा सुरळीत फिरत होता. स्वतः चालवून पाहिली तेव्हा दाबाचा काटा दर वेळी साठवर जाऊन थांबला.

"तू बसलास की ती शहाण्यासारखी वागते," एमेट म्हणाला. "रिकाम्या गाडीवर काय कळणार?"

"मग भरलेल्या गाडीवर बघू. उद्या तू चालव, मी शेजारी बसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरच्या कुरणात चौदा गायी ट्रेलरमध्ये चढल्या. सगळी गुरं खाली आणायला अजून पाच फेऱ्या बाकी होत्या आणि शनिवारी बर्फ येणार होतं. एमेटने दाबलेल्या लोकरीचे जाड बूट घातले होते. चढताना त्याने दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. सहासष्टाव्या वर्षी कोण धरत नाही, असं वेंडेलला वाटलं.

उतार लागला. एमेटने तिसरा गिअर टाकला. काटा साठवर गेला, इंजिन घरघरलं, ट्रेलर मुकाट मागून येत राहिला.

"चाललंय की," वेंडेल म्हणाला.

"थांब जरा. हे नाटक मला पाठ आहे."

दुसऱ्या वळणानंतर काटा पडला. घरघर थांबली आणि ट्रेलरने मागून ढकलायला सुरुवात केली. एमेटने चाकांचा ब्रेक दाबला, सोडला. काटा क्षणभर चढला आणि परत शून्यावर आला. उजव्या हाताला कठडा होता, कठड्याच्या पलीकडे नुसती हवा.

"बघितलंस?" एमेटचा आवाज चढला होता, पण त्यात थोडा विजयही होता.

वेंडेल बटणाच्या तारेकडे बघायला खाली वाकला. तार जागेवर होती. बटणही जागेवर होतं. एमेटच्या बुटाचं टोक मात्र अ‍ॅक्सिलरेटरवर होतं आणि पॅडल बोटभर दाबलेलं होतं.

"पाय उचल."

"उचललाय."

"एमेट, पाय उचल."

"अरे उचललाय म्हणतोय ना!"

तो खोटं बोलत नव्हता.  ब्रेकचा जळका वास आत यायला लागला होता आणि पुढे मोठं वळण दिसत होतं. त्याने एमेटची विजार गुडघ्यापाशी मुठीत धरली आणि पाय वर ओढला.

काटा साठवर गेला. इंजिनाने गाडी धरली. वळण संपेपर्यंत, आणि गाडी थांबवायला रस्त्याकडेची रुंद जागा येईपर्यंत वेंडेलने मूठ सोडली नाही.

गाडी थांबल्यावर वेंडेलने एमेटच्या बुटाकडे बोट दाखवलं.

"कधीपासून?"

"फेब्रुवारी. वासरं होत होती त्या वादळात पाय गारठला. मग हळूहळू पुढचा भाग बधिरच झाला." एमेट समोर बघत होता. "लिओटाला माहीत नाही."

"आणि माझ्या नावाने गावभर बोंब?"

"मला ब्रेकच वाटला रे. देवाशपथ." मग तो वेंडेलकडे वळला. "पॅडलला कडक स्प्रिंग बसव. पाय आपोआप वर ढकलेल. जमेल ना तुला?"

जमलं असतं. अर्ध्या तासाचं काम होतं.

"बसव, आणि आज दुपारी कॅफेत सगळ्यांसमोर सांगतो, वेंडेलने काम चोख केलं म्हणून."

वेंडेलने खिशातलं फडकं काढून हात पुसले. हात स्वच्छच होते.

"ब्रेकवर पाय पडलाय की बाजूला, ते कळतं तुला?"

एमेटने खाली वाकून आपल्या बुटाकडे पाहिलं.

"मग स्प्रिंग नाही बसवणार. लोकांना सांग, वेंडेलला नाही जमलं."

वरून ओंडके भरलेला एक ट्रक घरघरत उतरला आणि पुढे निघून गेला. एमेटने इंजिन बंद केलं. तो उतरला, गाडीचा आधार घेत पुढून वळसा घालून आला आणि वेंडेलच्या बाजूचं दार उघडून उभा राहिला. वेंडेल आतल्या आत सरकून स्टिअरिंगमागे बसला.

तिसरा गिअर, साठवर काटा. दोन वळणं मागे पडली.

"लिओटाला हा उतार आवडत नाही," एमेट म्हणाला. "पण उद्यापासून गाडी तीच चालवेल. तिच्या शेजारी बसशील? मी बसलो तर ती इंजिनाचं सोडून माझंच ऐकेल."