सुलूचं मौन

माघ सरत आला की वैशाखऱ्याच्या आमच्या खळ्यावर वालाच्या शेंगा वाळत पडलेल्या असतात, आणि ऊन डोक्यावर आलं की त्या एकेक करून तडकू लागतात. त्या कोरड्या, बारीक आवाजाखेरीज दुपारी तिथे काही ऐकू येत नाही. माळशेजकडे जाणारी एखादी गाडी वळणावर घरघरते आणि विरून जाते. मग पुन्हा शेंगा. या वर्षी त्या नीरव दुपारी माझी धाकटी बहीण सुलू ओटीवर बसलेली असे, आणि तीही बोलत नसे. जिचं गाणं ऐकायला परदेशातली भव्य नाट्यगृहं भरतात, ती आपल्याच घरी, आपल्याच आईपुढे मुकी होऊन बसली होती. मौन धरलंय, एवढं तिने मोबाइलवर लिहून दाखवलं होतं. कशासाठी, ते लिहिलं नव्हतं. अशा वेळी मनात पाल चुकचुकणार नाही तर काय होईल?

संशय आमच्या घराला नवा नव्हता. सुलूच्या गाण्याचा हात धरूनच तो आत आला होता. आता हयात नसलेले वडील तेव्हा भातसा धरणावर नोकरीला, म्हणून आमचं बालपण भातसानगरच्या वसाहतीत गेलं. शेजारी एका इंजिनिअरची पत्नी राहायची, मार्थाबाई, मूळची वसईची. तिच्याकडे की-बोर्ड होता, आणि नाताळ जवळ आला की ती वसाहतीतली मुलं गोळा करून गाणी बसवायची. त्या घोळक्यातून सुलूचा स्वर असा निराळा होऊन वर निघे, की रस्त्यावरून जाणारी माणसं थबकत. हिचा गळा वेगळा आहे, याला वेगळी तालीम हवी, असं मार्थाबाईने वडिलांना सांगितलं. वडिलांनी तिथे मान डोलावली आणि घरी येऊन आईला हळूच विचारलं, "हिचा पोरीला बाटवायचा बेत तं नाय ना?" बेत एवढाच होता, की मार्थाबाईने सुलूला मुंबईला आपल्या जुन्या बाईंकडे नेलं. त्या बाईंनी तिला घडवलं, आणि पुढे शिष्यवृत्ती मिळवून ती जर्मनीला गेली.

ऑपेरा हा शब्द आमच्याकडे कुणालाच ठाऊक नव्हता. मी शहापूरला शाळेत मराठी शिकवते. बाजारात कुणी विचारलं की मी समजावून सांगायचे, संगीत नाटकच, पण त्यात साधं वाक्यही गाऊन म्हणायचं, आणि तेही मायक्रोफोनशिवाय, अख्ख्या वाद्यमेळाच्या वर आवाज चढवून. ऐकणारा "हो का" म्हणे आणि पुढच्या माणसाला सांगताना ऑपेराचा ऑर्केस्ट्रा करून टाके. ऑर्केस्ट्रा म्हटलं की आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे हमरस्त्यावरचे बार उभे राहतात. तेव्हा सुलू दुबईच्या बारमध्ये गाते, असं किती तरी वर्षं मुरबाडपर्यंत पसरलं होतं. माझ्या सासरच्यांनीही लग्नाआधी आडून आडून चौकशी केली होती. मग एकदा तिच्या प्रयोगाचं चित्रण मी आईला दाखवलं. शेवटच्या अंकात सुलू गात गात क्षयाने मरते, पडदा पडतो, माणसं उभी राहून टाळ्या वाजवतात. आई किती तरी वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ही रोज मरते आन् लोकं टाळ्या वाजवतात?" त्यानंतर फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "आज मेलीस का जगलीस गो?"

व्हिएन्ना, मिलान, लिस्बन अशी नावं आमच्या घरात मामेभावंडांच्या गावांइतकी सहज झाली. कीर्तीचं आकाश उंच असतं, पण त्या उंचीवर माणूस कशाच्या आधाराने उभा आहे, हे खालून कुठे दिसतं? सुलू वर्षा-दोन वर्षांतून यायची, भाताच्या पेजेची चव घ्यायची आणि जायची. या खेपेला मात्र ती न कळवता आली, गळ्याभोवती लोकरी रुमाल गुंडाळून, आणि आल्यापासून तिने चकार शब्द काढला नाही. गावात कुणी म्हणालं, नवऱ्याशी बिनसलं असेल, लग्न लपवून केलं असेल. कुणी म्हणालं, बाहेरचं काही लागलंय. मी शिकलेली, मी असलं काही मानत नाही. पण रात्री आसनगावच्या माझ्या घरी पडल्यापडल्या मीही त्याच सगळ्या शक्यता एकेक करून तपासत असे.

एके दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत परदेशातून फोन आला. एक बाई अतिशय मार्दवाने इंग्रजीत बोलत होत्या. त्या सुलूच्या नाट्यगृहातल्या होत्या; अडीनडीला म्हणून सुलूने माझा नंबर तिथे देऊन ठेवला होता. तुमच्या आईंची प्रकृती आता कशी आहे, सुलूचा फोन लागत नाही, त्यांच्या उशाशी बसून ती थकली असेल, असं त्या म्हणाल्या. मी रविवारीच आईला खळ्यावर वाल झोडताना पाहिलं होतं. तोंडातून मात्र माझ्या निघून गेलं, "पूर्वीपेक्षा बरी आहे."

संध्याकाळपर्यंत दम कसला निघतो! अर्धी रजा टाकून मी किन्हवलीमार्गे सरळगावला आणि तिथून वैशाखऱ्याला पोहोचले. वाटेत माळरानावर पळस पेटला होता, पण माझं चित्त त्या रंगावर ठरेना. जिने धडधाकट आईला आजारी पाडलं, ती आणखी काय काय खोटं बोलली असेल? ते प्रयोग, ती शहरं, त्या टाळ्या, सगळं खरंच होतं ना? एकदा कीड लागली की माणूस शाबूत दाणाही फोडून बघतो.

सुलू ओटीवर नव्हती. घरामागून बुडबुड्यांचा आवाज येत होता. पपईच्या झाडाखाली ती पाण्याचा तांब्या घेऊन बसली होती, आणि पपईच्या पानाचा पोकळ देठ पाण्यात बुडवून, डोळे मिटून, त्यातून गुणगुणत होती. पाणी खदखदत होतं. लहानपणी आम्ही त्याच देठांच्या पिपाण्या करायचो. पण चाळिशीच्या बाईने हे करावं? मला खरोखरच भीती वाटली.

"आई आजारी आहे म्हणे," मी म्हणाले. "तुझ्या नाट्यगृहातून फोन होता."

तिने डोळे उघडले. सवयीने मोबाइलकडे हात नेला, आणि मग तो तसाच मागे घेतला.

"थोडं बोलायची परवानगी आहे आता," ती म्हणाली. तो आवाज तिचा नव्हता. तो खरखरीत होता, मध्येच तुटत होता.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आईला लगेच कळलं असतं."

मग तिने सांगितलं. तिकडच्या घरी रियाज करताना, वरच्या सुराला, स्वरतंतूवरची एक बारीक रक्तवाहिनी फुटली. दुखलं काहीच नाही. सूर नुसता नाहीसा झाला. डॉक्टरांनी पूर्ण मौन सांगितलं, नंतर गळ्याच्या व्यायामासाठी हे पाण्यातले बुडबुडे. गळा पूर्ववत होईल का, ते कुणी छातीठोकपणे सांगेना.

"तिथे सांगितलं का नाहीस?"

"हिचा गळा गेला असं एकदा कुणाच्या मनात आलं ना ताई, की पुढची कामंही जातात. खरं असायला लागत नाही. संशय पुरतो."

दुपारपासून जो संशय मी तिच्यावर घेत होते, त्याच्याच भीतीने ती समुद्र ओलांडून पळून आली होती.

आई मागच्या दारात उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. ती सुलूजवळ येऊन जमिनीवर बसली.

"मला आजारी पाडलीस तं पाडलीस," ती म्हणाली. "पन मी बरी कवा व्हायची, ते तरी सांग."

"माहीत नाही, आई."

"मंग त्यांना खरं काय ते सांगून टाक. तुजं दुखनं माज्या अंगावर नको घालू. तुला काय झालं त्ये लपवायला मी कशाला खाटंवर पडू?"

दुसऱ्या दिवशी सुलूने फोन करून सगळं सांगितलं. पलीकडच्या बाई तितक्याच मार्दवाने बोलल्या, आणि थोड्याच दिवसांत पुढच्या प्रयोगातली तिची भूमिका दुसरीला गेली. तिला जी भीती होती, ती अक्षरशः खरी ठरली. नंतर बरेच दिवस तिचा फोन वाजला नाही. ती रडली नाही. सकाळ-संध्याकाळ देठ आणि तांब्या घेऊन बसत राहिली. होळीनंतर एका सकाळी तिने माळावर उभं राहून पहिल्यांदा तोंड उघडून गायलं. सगळ्यांत वरचे सूर आले नाहीत. पण खालच्या सुरांत पूर्वी कधी नव्हती अशी एक गडद, सावळी खोली उतरली होती. शेजारची काकू धावत आली, "कोन रडतंय गो?" आई म्हणाली, "रडत नाय. आमची सुलू गाते."

पुढे एका लहान नाट्यगृहाने तिला बोलावलं, नायिकेसाठी नव्हे, नायिकेच्या वयस्क दाईसाठी. तिने ते काम घेतलं. या भूमिकेत ती मरत नाही, याचं आईला फार समाधान आहे.

आता ती दर रविवारी फोन करते. मी वैशाखऱ्याला आईपाशी असते. ती काय सांगते याकडे माझं धड लक्ष नसतं. मी तिचा आवाज चाचपत असते, कुठे खरखर आहे का, कुठे तुटतोय का. घसा बसलाय का गं, असं विचारलं की ती म्हणते, इथे थंडी आहे. माझा तेवढ्यावर विश्वास बसत नाही. एकदा लपवणारं माणूस पुन्हा लपवू शकतं, ही शंका माझ्या मनातून जाणार नाही, आणि ती जावी असंही मला आता फारसं वाटत नाही. "मग गाऊन दाखव," मी म्हणते आणि फोनचा स्पीकर सुरू करते. आई सरकून जवळ बसते. मग तिने श्वास भरून घेतल्याचा आवाज येतो, आणि ती गाते.